गोलंदाजाची वही



सरांच्या स्मृतीसाठी होणाऱ्या या व्याख्यानाला तुम्ही गोलंदाजी शिकवणाऱ्या माणसाला बोलावलेत, याचे मला फार समाधान आहे. सरांनी फलंदाज घडवले असे सगळे म्हणतात आणि ते खरेच आहे. पण त्यांचा जीव अडकलेला असे तो गोलंदाजांत. नेरूळच्या मैदानावर नवा मुलगा आला की ते त्याच्या हातात चेंडू देत नसत. आधी बूट काढायला सांगत. पायरीवर बसून ते बूट उलटे करून पाहत. उजव्या हाताच्या मुलाच्या उजव्या बुटाचा चवडा आतून घासलेला असला, तर मुलगा खरोखर जोर लावून टाकतो. डाव्या बुटाची टाच एकाच बाजूने दबली असली, तर पुढचा पाय वाकडा पडतो. हे सगळे बघून झाल्यावर ते विचारत, "बूट कधी घेतले?" मुलगा म्हणाला, "दिवाळीत," आणि टाच जानेवारीतच संपलेली दिसली, की सरांचा चेहरा गंभीर व्हायचा. मला तेव्हा त्याचा अर्थ कळत नसे. पुढे कळला, पण त्याची किंमत एका मुलाने मोजली. त्याबद्दल मी आज बोलणार आहे.

विषय तुम्ही जाहीर केलाच आहे : उगवत्या वेगवान गोलंदाजाची पारख कशी करावी, आणि दोन हंगामांच्या मधल्या काळात संघ खेळाडूंची देवाणघेवाण करतात तेव्हा नेमके काय घेतात आणि काय देतात.

सुरुवात आपल्या घरापासून करतो. १७ एप्रिल २०२२, रविवार, दुपारची मॅच, डी. वाय. पाटील स्टेडियम. आयपीएलमध्ये हैदराबाद विरुद्ध पंजाब. तुमच्यापैकी बरेच जण त्या दिवशी तिथे असतील. पंजाबचा डाव शेवटच्या षटकात आला तेव्हा धावफलकावर ६ बाद १५१ होते. चेंडू उमरान मलिकच्या हातात गेला. त्या षटकात त्याने तीन बळी घेतले, चौथा गडी धावबाद झाला, आणि एकही धाव निघाली नाही. पंजाब सर्वबाद १५१. मी गोलंदाजाच्या बाजूला, साइटस्क्रीनच्या थोडा डावीकडे बसलो होतो. तिथून चेंडू दिसत नव्हता, फक्त स्टंप उडालेला दिसत होता. माझ्या शेजारी माझे चार विद्यार्थी होते. चौघेही एकदम उभे राहिले आणि दर चेंडूनंतर मैदानाकडे न पाहता मोठ्या पडद्याकडे पाहू लागले, वेग किती आला ते बघायला.

मान वळवण्याची ती सवय मला तेव्हापासून टोचते आहे. त्या हंगामात उमरानने २२ बळी घेतले आणि ताशी १५७ किलोमीटरच्या आसपास चेंडू टाकला. हंगामाआधी हैदराबादने त्याला ४ कोटींना राखले होते. २०२३ मध्ये त्याला आठ सामने मिळाले, २०२४ मध्ये एक. २०२४ च्या नोव्हेंबरात जेद्दाहच्या लिलावात कोलकात्याने त्याला ७५ लाखांना घेतले आणि दुखापतीमुळे तो पुढच्या हंगामात खेळूच शकला नाही. त्याचे काय चुकले, हे मला विचारू नका. माझा प्रश्न वेगळा आहे. ४ कोटी ज्याने लावले त्याच्यापुढे कोणता आकडा होता, आणि ७५ लाख ज्याने लावले त्याच्यापुढे कोणता?

दिल्लीच्या मयंक यादवचे उदाहरण अजून ताजे आहे. मार्च २०२४ मध्ये लखनौकडून पहिल्याच सामन्यात त्याने सगळ्यांना चकित केले, पुढच्याच सामन्यात १५६.७ चा वेग काढला. चार सामन्यांत त्याचा हंगाम दुखापतीने संपला. त्या वर्षअखेरीस त्याला ११ कोटींना राखण्यात आले आणि २०२५ मध्ये पाठीच्या व पायाच्या दुखण्यांतून तो केवळ दोन सामने खेळू शकला. हा मुलगा पुन्हा उभा राहावा असे मला मनापासून वाटते. पण त्याच्या नावापुढे छापला जाणारा आकडा आजही तोच आहे, १५६.७.

नुसत्या वेगावर पारख करण्याचा सर्वांत उघडा प्रयोग आपल्याच देशात झाला, आणि तोही क्रिकेटसाठी नाही. २००८ मध्ये अमेरिकेतून काही लोक बेसबॉलचे पिचर शोधायला भारतात आले. पिचर म्हणजे त्यांचा गोलंदाज. तो धावत येत नाही, उंचवट्यावर उभा राहून कोपर वाकवून फेकतो. स्पर्धा साधी होती : जोरात फेका, अचूक फेका. उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू त्यातून निवडले गेले. दोघांनी आयुष्यात बेसबॉल पाहिलेलाही नव्हता. त्याच वर्षाच्या शेवटी पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांशी करार केला. पुढे त्यावर सिनेमा निघाला. पण दोघांपैकी कोणी मुख्य लीगपर्यंत पोचला नाही. वेग हाताला असतो, गोलंदाजी सगळ्या शरीराला शिकावी लागते, आणि शरीर आपल्या सोयीने शिकते, आपल्या कॅलेंडरप्रमाणे नाही.

तरीही बेसबॉलवाल्यांकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे, कारण ते आपल्या आधी पोळले आहेत. १९७४ मध्ये टॉमी जॉन नावाच्या पिचरच्या कोपरातला अस्थिबंध तुटला. डॉ. फ्रँक जोब यांनी हाताचाच एक कंडरा काढून तिथे बसवला. जॉन १९७६ ला परत आला आणि १९८९ पर्यंत खेळला. चमत्कारच होता तो. पण त्या शस्त्रक्रियेला त्याचे नाव पडले, आणि हळूहळू ती शाळकरी मुलांवर होऊ लागली. मग त्यांनी मोजायला घेतले. २०१४ मध्ये तिथल्या मुख्य लीगने आणि राष्ट्रीय संघटनेने मिळून वयानुसार तक्ताच काढला. १३-१४ वर्षांच्या मुलाने दिवसाला जास्तीत जास्त ९५ फेकी कराव्यात, आणि ६६ किंवा अधिक केल्या तर पुढे चार दिवस विश्रांती. शिवाय वर्षातले निदान चार महिने पिचिंग बंद. एवढे करूनही त्यांना एक गोष्ट छळत राहिली. मुलगा शाळेच्या संघाकडून फेकतो, वस्तीच्या संघाकडून फेकतो, शनिवार-रविवारी फिरत्या संघाकडून फेकतो. प्रत्येक कोच आपल्यापुरत्या फेकी मोजतो. बेरीज कोणीच करत नाही.

हे एका पुस्तकात वाचले तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवले, कारण ते माझ्याच मैदानाचे वर्णन होते.

सुरुवातीला ज्या मुलाचा उल्लेख केला, त्याच्याबद्दल सांगतो. नाव सांगणार नाही, तो आज या सभागृहात आहे. पंधरा वर्षांचा, उंच, खांदे अजून भरायचे होते. हिवाळ्यातला एक आठवडा होता. मंगळवारी हॅरिस शील्डच्या सामन्यात शाळेसाठी १४ षटके. बुधवारी माझ्या नेटमध्ये साधारण ८ षटके, तीही मीच टाकून घेतली. गुरुवारी शाळेच्या दुसऱ्या डावात ११. शनिवारी क्लबसाठी १०. रविवारी सकाळी वयोगटाच्या शिबिरात ९. आणि रविवारी रात्री गावातल्या टेनिस बॉलच्या स्पर्धेत ४. करावे, सारसोळे, दिवाळे, आपल्या कुठल्याही आगरी-कोळी गावात त्या दिव्यांच्या उजेडातल्या स्पर्धांची मजा काय असते ते तुम्हाला सांगायला नको. आपल्या आळीचा संघ सोडून मुलगा घरी बसेल कसा? बेरीज करा. ५६ षटके. ३३६ चेंडू. कसोटीतल्या वेगवान गोलंदाजाने दोन डावांत मिळून ४५ षटके टाकली तर आपण म्हणतो, त्याला राबवले.

ही बेरीज मी नंतर केली. मुलाची पाठ दुखायला लागली, वडील म्हणाले आखडली असेल, मी म्हणालो स्ट्रेचिंग कर. तीन आठवड्यांनी तो खाली वाकून चेंडू उचलेना. एमआरआय झाला. कमरेच्या मणक्याला, डाव्या बाजूला, बारीक तडा.

डाव्याच बाजूला का, हे पालकांनी समजून घ्यावे. उजव्या हाताचा गोलंदाज चेंडू सोडतो त्याच्या अगदी आधी त्याचा डावा पाय जमिनीवर आदळतो. शरीराच्या वजनाच्या पाचपट, सातपट, कधी त्याहून जास्त भार त्या एका पायातून वर कमरेत जातो. त्याच क्षणी धड मागून पुढे येत डावीकडे झुकते आणि वळतेही. मणक्याच्या मागच्या बाजूला हाडाचा एक अरुंद पूल असतो, सगळा पीळ त्यावर येतो. तारेला एकाच जागी वाकवत राहिलो तर ती जशी तुटते, तसे ते हाड थकते. ज्याचे खांदे एका दिशेला आणि कंबर दुसऱ्या दिशेला असते, त्या मिश्र कृतीच्या मुलाला धोका अधिक. आणि वाढीच्या वयात सर्वांत अधिक, कारण हाड आधी लांब होते, त्याला आवळून धरणारे स्नायू मागाहून बळकट होतात. डेनिस लिलीसारखा गोलंदाज १९७३ मध्ये याच तड्यांनी आडवा झाला होता. तो परत आला, पण कृती बदलून आणि दीड वर्षाने.

मी त्या मुलाच्या घरी गेलो तेव्हा त्याची आई मला स्वयंपाकघराच्या दाराशी घेऊन गेली. चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या. ती म्हणाली, "सर, गणपतीपासून दोनदा शाळेची पँट घ्यावी लागली." दोन रेघांमध्ये चार बोटांचे अंतर होते. मी त्या मुलाची मनगटाची ठेवण पाहिली होती, सीम सरळ पडते का ते पाहिले होते, यॉर्कर पाहिला होता. दाराची चौकट पाहिली नव्हती. बुटाची टाच पाहणाऱ्या सरांचा मी विद्यार्थी.

म्हणून पारखीबद्दल बोलायचे तर मी वयापासून सुरुवात करतो. आपल्याकडे वयोगटाची तारीख १ सप्टेंबर. सप्टेंबरात जन्मलेला आणि पुढच्या ऑगस्टात जन्मलेला, दोघे एकाच निवड चाचणीत उभे राहतात. त्यात एकाची मिसरूड फुटली आहे आणि दुसऱ्याचा आवाजही फुटलेला नाही. क्रिकेट मंडळ वय पडताळण्यासाठी मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचे वय पाहते, ते योग्यच आहे. पण ती चाचणी मुलगा पात्र आहे की नाही एवढेच सांगते. चौदाव्या वर्षी सगळ्यांत वेगवान वाटणारा मुलगा पुष्कळदा सगळ्यांत आधी वाढलेला मुलगा असतो. ज्याची वाढ अजून व्हायची आहे, ज्याची कृती सरळ आहे आणि जो आठव्या षटकातही पहिल्या षटकासारखाच धावत येतो, तो चाचणीतून परत जातो. त्याच्यासाठी मला फार वाईट वाटते. मी निवड समितीत होतो त्या काळात असे किती परत पाठवले, ते आता आठवून मोजता येत नाही.

आणि कित्येकदा गोलंदाज सापडतो तो योगायोगाने. कल्याणचा तुषार देशपांडे शिवाजी पार्कला लहान वयोगटाच्या चाचणीला गेला, तेव्हा फलंदाजांची रांग लांब होती, गोलंदाजांची आखूड. संध्याकाळी घरी परतायचे होते म्हणून तो आखूड रांगेत उभा राहिला. ही गोष्ट त्यानेच सांगितली आहे. २०२३ मध्ये चेन्नई जिंकली तेव्हा त्याच्या नावावर २१ बळी होते. श्रीरामपूरचा झहीर खान मुंबईत आला, चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये घडला, बडोद्याकडून रणजी खेळू लागला आणि ९२ कसोटींत ३११ बळी घेऊन थांबला. पालघरचा शार्दूल ठाकूर लोकलने मुंबईला यायचा. बोरिवलीत दिनेश लाड सरांनी त्याला आपल्या शाळेत घेतले आणि स्वतःच्या घरी ठेवून घेतले. कोचने विद्यार्थ्याला घरी ठेवून घेणे ही फार मोठी गोष्ट आहे. रोजचे तीन-चार तास ट्रेनमध्ये उभे राहण्यातले वाचले, म्हणजे त्याच्या पाठीचेच वाचले. आपल्या हार्बर लाइनवर किट-बॅग घेऊन दारात लटकणाऱ्या मुलांकडे बघताना मला हे रोज आठवते.

आता संघांच्या देवाणघेवाणीकडे येतो. शार्दूलचेच पाहा. जेद्दाहला त्याला कोणी घेतले नाही. लखनौचा मोहसीन खान जखमी झाला म्हणून त्याची जागा २ कोटींत शार्दूलला मिळाली आणि दुसऱ्याच सामन्यात त्याने हैदराबादचे चार गडी बाद केले. २०२५ च्या नोव्हेंबरात लखनौने त्याला त्याच किमतीत मुंबईकडे दिले, आणि अर्जुन तेंडुलकर ३० लाखांत मुंबईहून लखनौला गेला. त्याच दिवसांत संजू सॅमसन चेन्नईला आणि रवींद्र जडेजा राजस्थानला गेला. डिसेंबरात अबू धाबीच्या लिलावात कोलकात्याने मथीशा पथिराना या श्रीलंकेच्या गोलंदाजाला १८ कोटींना घेतले. राज्यांच्या पातळीवरही हेच चालते. ना-हरकत प्रमाणपत्र घ्यायचे आणि दुसऱ्या संघटनेकडे जायचे. अर्जुन २०२२ मध्ये गोव्याला गेला आणि रणजी पदार्पणातच शतक केले. पृथ्वी शॉ २०२५ मध्ये मुंबई सोडून महाराष्ट्राकडे आला. मला यात काही गैर वाटत नाही. खेळाडूला जिथे संधी तिथे त्याने जावे.

गैर आहे ते एवढेच की या सगळ्या बदल्यांत खेळाडूबरोबर त्याचा इतिहास जात नाही. कागदावर किंमत जाते, बळी जातात, इकॉनॉमी जाते. गेल्या बारा महिन्यांत त्याने नेटसकट किती चेंडू टाकले, कुठल्या आठवड्यात अचानक दुप्पट टाकले, पाठ कधी धरली, हे एका हातातून दुसऱ्या हातात जाईल याची खात्री कुठे आहे? अमेरिकेत बेसबॉलचा संघ तरुण पिचरला करारबद्ध करून खालच्या लीगमध्ये वर्षानुवर्षे स्वतःच सांभाळतो. आपल्याकडे फ्रँचायझीचा गोलंदाज मुख्यतः उन्हाळ्याचे दोन महिने तिचा, मग राज्य संघटनेचा, मग कंपनीचा, मग क्लबचा. चार मालक आणि पाठ एकच. आणि आपला ऑफ-सीझन म्हणजे काय? पावसाळ्यात १९४८ पासून कांगा लीग आहे. ओल्या खेळपट्टीवर, घसरत्या रनअपवर गोलंदाज शहाणा होतो हे मी मानतो. आमच्या पिढीने स्विंग तिथेच शिकला. पण ज्या मुलाने मार्चपर्यंत शाळा, एप्रिल-मेमध्ये उन्हाळी शिबिरे आणि खासगी लीग खेळल्या, त्याला कांगासाठी सोडताना मी आता आधी बेरीज मागतो.

गोलंदाजासाठी थांबणे म्हणजे काय, हे मुंबई इंडियन्सने एकदा दाखवून दिले. २०१३ मध्ये मुश्ताक अली स्पर्धेत जॉन राइट यांनी गुजरातचा एक विचित्र कृतीचा मुलगा पाहिला. त्याने तोवर एकही प्रथम श्रेणी सामना खेळला नव्हता. ४ एप्रिलला बंगळुरूत जसप्रीत बुमराने पदार्पण केले, विराट कोहलीसह तीन बळी घेतले. आणि पुढे? त्या हंगामात एकूण दोन सामने, तीन बळी. २०१४ मध्ये अकरा सामने, पाच बळी. २०१५ मध्ये चार सामने, तीन बळी. तीन हंगामांत मिळून सतरा सामने, अकरा बळी. या आकड्यांवर आजचा कोणताही संघ गोलंदाजाला सोडून देईल. त्यांनी सोडले नाही. चौथ्या हंगामात तो चौदाही सामने खेळला. त्याच्यातही दोष शोधता आले असते : रनअप तोकडा, हात ताठ, पाठीवर ताण. ते दोष खोटे नव्हते. २०२३ मध्ये त्याच्या पाठीवर शस्त्रक्रिया झाली. २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यावर पाच कसोटींपैकी तीनच खेळेल असे आधीच जाहीर झाले आणि तो तीनच खेळला. तेव्हा टीव्हीसमोर बसून आपल्यापैकी अनेकांनी नाराजी दाखवली. मला मात्र तो निर्णय फार धीराचा वाटला. जगातल्या सर्वोत्तम गोलंदाजाचे चेंडू मोजले जातात, मग आपल्या नववीतल्या मुलाचे का नाही?

आपल्या डी. वाय. पाटीलच्या टी-ट्वेंटी स्पर्धेलाही मी याच नजरेने पाहतो. आयपीएलच्या तोंडावर फेब्रुवारी-मार्चमध्ये ती होते, आणि दुखापतीतून उठलेले खेळाडू तिथे स्वतःला अजमावतात. मार्च २०२० मध्ये पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर हार्दिक पांड्याने ५५ चेंडूंत नाबाद १५८ केल्या, त्या वीस षटकारांची चर्चा आजही होते. मी माझ्या मुलांना तिथे नेतो ते मॅच बघायला नाही. सामन्याच्या आधी चाळीस मिनिटे नेतो. परतलेला गोलंदाज वॉर्म-अपमध्ये किती चेंडू टाकतो, कोण त्याच्या बाजूला कागद घेऊन उभा आहे, कितव्या चेंडूला तो माणूस हात वर करून थांबवतो, ते बघायला.

तो कागद प्रत्येक मुलाकडे असावा, एवढीच माझी मागणी आहे. शाळेकडे नाही, क्लबकडे नाही, माझ्याकडेही नाही. मुलाकडे. बाहेरच्या टेबलावर दोनशे पानी साध्या वह्या ठेवल्या आहेत, जाताना पालकांनी घ्याव्यात. आत चार रकाने आखले आहेत : तारीख, कोणासाठी टाकले, किती चेंडू, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाठ कशी होती. नेटमधले चेंडू लिहायचे, टेनिस बॉलचेही लिहायचे. दर महिन्याच्या एक तारखेला आईने उंची लिहायची. एखाद्या आठवड्याची बेरीज मागच्या महिन्याच्या सरासरीपेक्षा खूप वर गेलेली दिसली, तर पुढच्या सामन्यात मुलाला फलंदाजी करू द्या, स्लिपमध्ये उभे करा, पण टाकू देऊ नका. कोच रागावला तर त्याला वही दाखवा. मी रागावलो तर मला दाखवा.

ज्या मुलाबद्दल बोललो, त्याचे सात महिने मैदानाबाहेर गेले. परतल्यावर त्याने वही सुरू केली. आता तो अठरा वर्षांचा आहे आणि ही त्याची तिसरी वही आहे. गेल्या जूनमध्ये त्याने क्लब बदलला. पहिल्या दिवशी नव्या कोचनी त्याला रनअप मोजायला सांगितला, तेव्हा त्याने बॅगेतून वही काढून त्यांच्या हातात दिली. ते खुर्चीवर बसून पंधरा मिनिटे पाने उलटत राहिले. मग उठले आणि म्हणाले, आज अठरा चेंडू टाक, एकही जास्त नको.